पामिनचा गुडघा

पामिन प्रेतं चिरायचा. इजिप्तमधल्या मेम्फिस शहराच्या पश्चिमेला, वाळवंटाच्या कडेला त्यांची वस्ती होती, आणि त्याच्या बापानंही तिथं हेच केलं होतं. प्रेताच्या डाव्या कुशीत काळ्या दगडाच्या सुरीनं एक चीर द्यायची, आणि सुरी टाकून पळत सुटायचं. चिरल्याशिवाय प्रेत टिकत नाही, पण मेलेल्याला जखम करणं पाप. ते पाप पामिनच्या माथी मारून मीठ भरणारे, पट्ट्या गुंडाळणारे त्याच्यामागं दगड घेऊन धावत, आईबापावरून शिव्या देत. प्रेतं चिरायच्या मांडवाभोवती दोरी बांधलेली असे; तिच्याबाहेर पाऊल पडलं की दगड थांबत. संध्याकाळी तेच लोक त्याच्याशेजारी जवाची दारू पीत बसत.

"दाजी, आज फारच रेंगाळलात," मीठ भरणारा मेहुणा जेहो म्हणे. "आमची आजी बरी पळाली असती."

"तुमच्या आजीला मीच चिरलं. तेव्हा बघायचा होतास माझा वेग."

मग गुडघा गेला. पामिन देवळात जाऊन मुख्य पुजारी अंखमेरांच्या पायाशी बसला, सुटका मागितली. अंखमेर ठणठणीत होते. कड्यात खोदलेलं आपलं थडगं बघायला ते पालखीतून जात आणि 'मी कुणाला रडवलं नाही' ही भिंतीवरची ओळ बोट फिरवून तपासत.

"आमच्या घराण्याला तुझंच घराणं चिरत आलंय," ते हसून म्हणाले. "मला चिर, मग बस निवांत."

त्याच हिवाळ्यात ते गेले.

बायकोनं, तायसीनं, पामिनचा गुडघा करकचून बांधला. जेहोनं बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली. "ताई, आम्ही सगळे वाळूत मारू. दाजींना धूळ लागेल तेवढीच."

पामिननं चीर दिली, सुरी टाकली आणि लंगडत निघाला. दगड डाव्याउजव्या बाजूला पडू लागले. दोरीपाशी अंखमेरांचा मुलगा उभा होता. त्यानं हात वर केला.

"कबुतरं हाकलताय काय? पाप याच्या अंगाला लागलं नाही तर माझ्या वडिलांच्या कुशीत राहील." त्यानं जेहोकडे बोट दाखवलं. "तू मीठवाला ना? देवळाची भाकरी खातोस ना? मार."

जेहोनं खडा उचलला.

"मोठा."

जेहोनं खडा ठेवला, मोठा दगड उचलला.

चिरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. पामिननं बघितलं नाही. "जेहो, अरे बांधलेला पाय सोडून मार," एवढंच म्हणाला. दगड नेमका तिथंच बसला. तो कोसळला. रक्त दिसल्यावर मग कुणाचाच हात अडखळला नाही. कोपरांवर सरपटत त्यानं दोरीखालून हात बाहेर काढला.

"हात बाहेर आलाय, धनी," कुणीतरी म्हणालं.

"पाऊल," मुलगा म्हणाला.

पाऊल काही बाहेर आलं नाही.

दुपारी तायसी दोरीपाशी आली. आत जेहो अंखमेरांच्या पोटात मूठमूठ मीठ दाबून भरत होता. पामिन उन्हात तसाच पडला होता, माशा बसू लागल्या होत्या.

"जेहो," ती म्हणाली, "थोडं मीठ दे. निदान कुजू तरी नको देऊस त्यांना."

त्यानं मान वर केली नाही.

"थोरल्या धन्यांपुरतंच आलंय गं, ताई."

आणि त्यानं पुढची मूठ भरली.