माझ्या कागदातलं लोखंड

मिरज स्टेशनावर मला पोचवायला अर्धी गल्ली लोटली होती, जणू मी विलायतेलाच निघालो होतो! निघालो होतो बंगळूरला, एका सरकारी कारखान्यात ज्युनियर इंजिनीयर म्हणून. वडील शाळामास्तर. गाडी हलताना म्हणाले, "चार बुकं शिकलास म्हणून कुणाला कमी लेखू नकोस." मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू! त्या फलाटावरच्या एकूण एक माणसाची मला तेव्हा कीव येत होती.

तुम्ही काही जण गावी राहिलात, काही माझ्यासारखे बाहेर पडलात. खरं सांगतो, बाहेर पडल्यानं अक्कल येत नाही, नुसता माज येतो. बंगळूरच्या शिवाजीनगरात खोली मिळाली आणि महिन्याभरात मी 'बरं'ला 'सरी', 'थोडं'ला 'स्वल्प' असं कानडी झाडत हिंडू लागलो. घरी पत्रं लिहायचो ती निम्मी इंग्रजीत.

काम असं: तांब्याच्या वेटोळ्यात पोलादी शाफ्ट उभा करायचा आणि वेटोळ्यातून वीज सोडायची. जाळ नाही, निखारा नाही, शाफ्ट आपोआप लाल होतो. मग पाणी मारलं की वरची साल कडक. वीज किती सेकंद ठेवायची हे आजवर मुनियप्पाअण्णा ठरवायचे. पन्नाशीचे कामगार, शाफ्टचा रंग बघून बटण दाबायचे. मला हसू यायचं. डोळ्यानं कसलं आलंय इंजिनीयरिंग!

मी कागदावर शाफ्टचे बारीक चौकोन पाडले, प्रत्येकाची समीकरणं मांडली, ती भोकं पाडून कार्डांवर उतरवली आणि शहरातल्या एका कॉम्प्युटरवर चालवून आणली. उत्तर आलं, बावीस सेकंद. आमच्या साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कॉम्प्युटरनं सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी तो कागद पोथीसारखा दोन्ही हातांनी घेतला.

"स्वल्प जास्त लागतं, सार," अण्णा म्हणाले. "शेवटी शेवटी लोखंड आळशी होतं."

"कागदाप्रमाणे करा," मी म्हणालो.

त्यांनी केलं. अख्खा लॉट मऊ निघाला. आता कागद चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा माणूस चुकला! अण्णांनी मुद्दाम वीज लवकर तोडली, असा मेमो निघाला.

चौकशीच्या सकाळी ते मला वेटोळ्यापाशी घेऊन गेले. दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक त्यांनी गार शाफ्टजवळ नेला, तो टपकन चिकटला. लालबुंद शाफ्टजवळ नेला, तर ढिम्म. तापलेल्या पोलादाचं चुंबकत्व जातं, मग ते पहिल्यासारखं झपाट्यानं तापत नाही, हे मी कॉलेजात घोकलं होतं. माझ्या कागदातलं लोखंड मात्र शेवटपर्यंत गार लोखंडासारखंच वागत होतं.

"एवढंच चौकशीत सांगा, सार," अण्णा म्हणाले. "बाकी काही नको."

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. चौकशीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गणित बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात मी गुपचूप गणित दुरुस्त केलं. उत्तर सत्तावीस आलं, अण्णा वीज ठेवायचे तेवढंच. साहेबांनी माझी पाठ थोपटली. थू माझ्या जिनगानीवर!

आता मिरजेहून पत्रं येतात. वडिलांच्या शाळेत माझा फोटो लावलाय म्हणे. परत ये, सत्कार करू, म्हणतात. कसला सत्कार करताय, बाबांनो?

अण्णा हल्ली शिवाजीनगरातल्या एका लोहाराच्या दुकानात भाता ओढतात. मी कामावर जाताना समोरून जातो. ते मान वर करतात, मला बघतात आणि पुन्हा भात्याला लागतात. गावातल्या कुणालाही मी कळलेलो नाही. या माणसाला पुरता कळलोय. म्हणून मी इथून हलत नाही.