दुसरा अल्बम आणि चाचांच्या गाद्या

आमच्या पहिल्या अल्बमातल्या तिसऱ्या गाण्यात बकरी आहे. मुद्दाम घातलेली नाही. रेकॉर्डिंग आमच्याच ओसरीवर केलं, बकरी शेजारी बांधलेली, आणि गिटार नेमकी हळू झाली तिथं ती ओरडली. लोकांना तेच गाणं आवडलं. पुण्यातल्या एका पोरानं तर विचारलं, "तो बकरीचा आवाज कोणत्या वाद्यावर काढला?" ड्रम बडवून बडवून हाताला फोड माझ्या आले आणि कौतुक कोणाचं, तर बकरीचं! डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या अल्बमात जनावर नाही, असं मी सगळ्यांना बजावून सांगितलं.

सगळे म्हणजे तिघं. तिघंही डोणगावचे. घरची भाजीपाल्याची शेती असल्यामुळं माझी सकाळ कोथिंबिरीत जाते आणि संध्याकाळ ड्रमवर. बेस वाजवणारा मोबाइल दुरुस्त करतो, म्हणून लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे. गाणारा आणि गिटार वाजवणारा म्हणजे गादीवाल्या चाचांचा मुलगा. गाणी त्याचीच, आपल्या बोलीतली, बहुतेक ओरडून म्हणायची.

चाचा आमच्या वाजवण्याला कल्ला म्हणत. "हे गानं हाय का भांडन?" एवढंच विचारत आणि निघून जात. पहिला अल्बम त्यांनी ऐकलाच नाही. यंदा तर मुलाला सांगूनच टाकलं होतं, लग्नसराई लागली की गिटार खुंटीला टांगायची आणि दुकानात बसायचं. मुलगा हो म्हणाला. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाला, "दुकानात बसतो बे मी. फक्त अब्बानं एकदा उभं राहून एक गानं पुरं आयकावं. मंग शिव्या देल्या तरी चालते." दुसरा अल्बम त्यासाठी करायचा होता.

आधी शांत जागा शोधली. शेगावला एक स्टुडिओ आहे, भजनं फार छान होतात तिथं. मालकानं माझ्या ड्रमकडं पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "हे सगळंच वाजवता काय?" तिथूनच परत फिरलो. मग चाचांचं गोदाम आठवलं. आमच्याकडं लग्नात मुलीसोबत नव्या गाद्या देतात, म्हणून चाचा पावसाळाभर गाद्या भरून ठेवतात. दिवाळीच्या तोंडावर गोदाम छतापर्यंत गच्च. दार लावलं की बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी कळत नाही. चाचा म्हणाले, "बसा. पन गिऱ्हाईक आलं तं मी गादी न्यायले येईन. मले थांबवायचं नाही." आम्ही मोठ्या तोंडानं हो म्हणालो.

पहिलं गाणं त्या गाद्यांमध्ये वाजवलं. काय सांगू! ठोका पडला की तिथंच बसायचा. गरमी अशी की बनियन पिळावं, नाकातोंडात कापूस, पण आवाज एकदम नंबर एक. तेवढ्यावर पुढं जायचं ना? नाही. बेसवाल्याला अंगात आल्यागत झालं. "अजून एकदा," "अजून एकदा," करत त्यानं तेच गाणं दिवाळी उलटेपर्यंत ताणलं. "लग्नं लागून राह्यली बे, आटप!" मी कोकलत होतो. तुळशीचं लग्न लागलं आणि गावोगावची गिऱ्हाइकं सुरू झाली. गाणाऱ्यानं दुकानात बसायला अल्बम संपेपर्यंतची मुदत चाचांकडून मागून घेतली.

मग सुरू झाला तमाशा. गाणं रंगात आलं की दार उघडायचं. चाचा यायचे, आमच्याकडं ढुंकून न पाहता माझ्या पाठीमागची एक जोडी खांद्यावर टाकायचे आणि चालते व्हायचे. दुसऱ्या गाण्यात भिंतीचा कोपरा दिसायला लागला. चौथ्यात चक्क खिडकी निघाली! इतके दिवस तिथं खिडकी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. दुसरबीडच्या एका घरानं सगळ्या मुलींची लग्नं एकाच मांडवात काढली आणि टेम्पो लावून आमची अख्खी भिंत नेली. आवाज घुमायला लागला. मी एक ठोका मारावा तर दोन परत यायचे. मी काठ्या फेकल्या. "अल्बम हाय का विहीर हाय बे हे?" बेसवाला शांतपणे म्हणाला, "पहिलं गानं पुन्हा करू. मंग सगळे सारखेच घुमतीन." त्याला मी हाणलाच असता, पण मधे गादी आली म्हणून वाचला.

तीच शेवटची गादी. बाहेरचा आवाज जरा अडावा म्हणून दाराशी उभी केली होती. गाणंही एकच उरलं होतं, हळू, कापसाच्या धुळीत खोकत खोकत लोकांच्या गाद्या भरणाऱ्या माणसाचं. कोणाचं आहे हे गाणाऱ्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, तो खोकला अख्ख्या गावाच्या ओळखीचा आहे.

आम्ही सुरू केलं. हळू वाजवणं म्हणजे मला उपास. दात आवळून वाजवत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि गादीच्या कडेवर चाचांचा हात दिसला. गेली, म्हटलं, हीही गेली. चाचांनी गादी कलती केली, उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. गाणारा डोळे मिटून गात होता, त्याला काही पत्ता नाही. चाचा सरळ झाले, गादी होती तशी उभी केली, मागं सरकले आणि दार हळूच ओढून घेतलं.

गाणं संपलं. बेसवाला ऐकत बसला आणि एकदम कपाळावर हात मारला. "बाहेरचा आवाज आला बे शेवटी. पुन्हा करा लागते."

"आता काय, बकरी?" म्हणून मी त्याच्या कानावरचा हेडफोन ओढला.

शेवटची ओळ संपते, गिटार वाजत राहते, तिथं दारापलीकडून गिऱ्हाइकाचा आवाज येतो, "चाचा, आतमंदी एक दिसून राह्यली ना? तेच द्या." आणि चाचा दबक्या आवाजात म्हणतात, "ते विकायची नाही. थांब जरा, पोराचं गानं चालू हाय." मग खोकला येतो, दाबलेला.

मी हेडफोन गाणाऱ्याच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, पुन्हा लाव म्हणाला, पुन्हा ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. माझेही डोळे भरले, पण ते कापसामुळं असं मी बेसवाल्याला सांगितलं. गाणं तसंच ठेवलं.

अल्बम निघाला. पुण्याच्या त्या पोरानं भलंमोठं लिहून पाठवलं, कोंडलेला आवाज गाण्यागणिक मोकळा होत जातो ही कल्पना फार खोल आहे म्हणे. आम्ही थँक्यू म्हणालो. गाणारा ठरल्याप्रमाणं दुकानात बसतो. गिटारही खुंटीला टांगलीय. ती खुंटी चाचांनी स्वतः ठोकली, दुकानातच, बसल्या जागेवरून मुलाचा हात पोचेल अशी.