सहाव्या नंबरचा स्टुडिओ

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात तीनशे अकरा सिनेमे काढले आणि त्यांतला एकही लातूरच्या त्यांच्या घराबाहेर कोणी पाहिला नाही. हा आकडा अंदाजाचा नाही. मी पाटबंधारे खात्यात नोकरीभर धरणांची पाणीपातळी लिहिली. एक सेंटिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. नांदेडहून लातूरला माझी बदली झाली तेव्हा तीन वर्षं मी साडूंकडेच राहिलो, त्यामुळे पुष्कळसे सिनेमे मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मोजलेले आहेत. त्याआधीचे आक्कांच्या कॅलेंडरवरून मोजले. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. हे सगळे सिनेमे कॉम्प्युटरवर निघत. तो एक खेळ होता. साडू एकदा हैदराबादला गेले असताना त्याची तबकडी घेऊन आले होते. त्यात आपल्याला एक स्टुडिओ मिळतो. तो आपण चालवायचा. सेट बांधायचे, नट नेमायचे, गोष्ट जुळवायची, शूटिंग करायचं. मग समीक्षक चांदण्या देतात आणि सहा स्टुडिओंत आपला नंबर लागतो. साडूंचा नंबर कायम सहावा.

त्यांच्या स्टुडिओत मुहूर्ताशिवाय काही होत नसे. प्रत्येक सिनेमाला ते खरा नारळ फोडत, कॉम्प्युटरसमोर, चपला काढून. त्यामुळे त्या घरात खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही. आक्का कॅलेंडरवर प्रत्येक नारळाची खूण करत आणि आठवड्यात तीन खुणा झाल्या की स्वयंपाकघरातूनच विचारत, "आवो, या हप्त्यात एखादा सिनिमा लांबवता येईल का? तेवढीच आमटी करते." नळाला पाणी यायचं त्या दिवशी शूटिंगला सुट्टी, कारण निर्मात्याला टाकी भरायची असे. वीज जाण्याची वेळ दुपारी बाराची. पावणेबाराला साडू हातातला प्रसंग अर्धा सोडून सगळं साठवून ठेवत आणि पडद्याला हात जोडत. एकदा नायिका दारात उभी, नायक घोड्यावरून उतरतोय, आणि वीज वीस मिनिटं आधी गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "त्या पोरीला दारात उभं करून आलो," एवढंच म्हणाले.

गोष्टी त्यांच्या स्वतःच्या. ते शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून की काय, प्रत्येक सिनेमात एक खडूस मुख्याध्यापक असे आणि तो शेवटच्या प्रसंगात सुधारत असे. खेळात सेट मिळत ते परदेशी: गढ्या, घोडेवाल्यांची गावं, अवकाशयानं. साडूंचं काही अडलं नाही. घोडेवाल्यांच्या गावात त्यांनी देगलूरचा बाजार भरवला आणि अवकाशयानात हळद लावली. समीक्षकांनी त्या सिनेमाला अर्धी चांदणी दिली. मी म्हणालो, "दादा, यानात हळद कुणाला पटणार?" ते म्हणाले, "साडूभाऊ, पाव्हणं चंद्रावर गेले तरी हळद लागल्याबिगर लगीन व्हतं का?"

खेळातले नट रुसतात. याला मोठी गाडी, मला लहान, म्हणून कामावर येत नाहीत. खेळ बनवणाऱ्यांना वाटलं असेल, माणूस चांगल्या नटाला मोठी गाडी देईल आणि बाकीच्यांना दटावेल. पण आमच्याकडच्या लग्नात मधल्या जावयाला टोपी हलकी आली म्हणून जेवणावरून उठलेले लोक साडूंनी पाहिलेले होते. त्यांनी सरसकट सगळ्यांना सगळ्यांत मोठी गाडी दिली. शिवाय भूमिका वयाप्रमाणे: वडीलधारा असेल तो नायक. त्यामुळे त्यांच्या कॉलेजच्या सिनेमातला विद्यार्थी पासष्ट वर्षांचा होता आणि त्याची प्रेयसी साधारण तेवढ्याच वयाची, गुडघ्याला हात लावून चालणारी. स्टुडिओ सहावा यायचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी ते सांगितलंही होतं. "हाव, बरोबर हाय तुमचं," असं म्हणून ते पुढचा नारळ सोलायला घेत.

चेहरे घडवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नाक, हनुवटी, भुवया यांच्या पट्ट्या मागेपुढे सरकवून खेळात माणूस तयार करता येई. आमच्या सासूबाईंच्या नाकावर साडूंनी चार दिवस घालवले, आणि ते इतकं जमलं की आक्कांनी "आईला नजर लागंल" म्हणत पडद्यावर पदर टाकला. मलाही त्यांनी घडवलं होतं. मी फाटकावर उभा असे, वही घेऊन.

त्या स्टुडिओत एकूण एकोणचाळीस माणसं होती. त्यांतल्या चौदा जणांनी एकाही सिनेमात काम केलेलं नव्हतं. फाटकासमोरच्या कारंज्याभोवती बाकं होती, तिथं ही चौदा म्हातारी-कोतारी बसून असत. नावं मोठमोठ्या नटांना शोभतील अशी, चेहरे शेतकऱ्यांचे. गाड्या इतरांसारख्याच मोठ्या. रोज शूटिंगच्या आधी साडू एकेकावर बाण नेऊन थांबत आणि पुटपुटत, "राम राम." मी विचारलं, हे कोण. म्हणाले, "असू द्या. बसून राहिलेत."

एकदा साडू आणि आक्का दोन दिवसांसाठी उदगीरला लग्नाला गेले आणि स्टुडिओ माझ्यावर सोपवून गेले. "तुळशीला पाणी घालता तेवढंच बघा," असं सांगून गेले होते. शनिवार-रविवार होता. मी तेवढंच बघितलं नाही. मी हिशेबी माणूस; बिनकामाची चौदा माणसं मला बघवेनात. पण काढायची तर रीतीने. आमच्या कार्यालयात मोडकी खुर्ची काढायची असली तरी आधी यादी होते: अनुक्रमांक, वर्णन, शेरा. उद्या कोणी विचारलं तर वर्णन चोख पाहिजे. मी लांब वहीत चौदा ओळी आखल्या, एकेक चेहरा मोठा करून त्याचं वर्णन लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला. मग चौदाही जणांना फाटकाबाहेर काढलं. एकाच स्टुडिओच्या जुन्या सात प्रती साडूंनी साठवून ठेवल्या होत्या. सात प्रती कशाला, म्हणून नव्या मांडणीची तेवढी एक ठेवून त्या सातही पुसल्या. तरुण नट नेमले. रविवारी संध्याकाळी स्टुडिओ दुसरा आला.

सोमवारी साडू आले. नंबर बघून हसले, "आरं वा, साडूभाऊ." मग त्यांनी बाण कारंज्यापाशी नेला. बाकं रिकामी होती. त्यांनी तो एकेका बाकावर नेऊन थांबवला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि उठून शाळेत गेले, तास नसताना.

आक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काढलं का त्येंला?" म्हणाल्या. "त्ये चौदा जण त्येंच्या गावचे हाईत. किल्लारीकडचे. भूकंपातले."

माझं लग्न भूकंपानंतरचं. साडूंच्या घरचं तिकडे कोणी राहिलं नाही एवढं मला माहीत होतं. चेहरे माहीत असायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, "फोटो असतील ना?"

"घरच ऱ्हायलं न्हाई, फोटो कुठले?"

साडूंनी दोन दिवस पट्ट्या सरकवून पाहिल्या. एकही चेहरा आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर आक्कांनी विणलेला रुमाल टाकला. तो पुढे कधी काढला नाही. माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. माझी बदली परत नांदेडला झाली तेव्हा ते स्टँडवर सोडायला आले, खिडकीतून केळी दिली. लग्नकार्यात भेटी होत, आहेर होत, पण स्टुडिओचा विषय निघाला नाही. वही माझ्याकडे होती. ती द्यावी असं दर वेळी मनात येई. पण शेऱ्याच्या रकान्यात मी चौदाही ओळींवर "निरुपयोगी" असं लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. ते त्यांच्या हातात कसं द्यायचं?

यंदा मी निवृत्त झालो. घरी बसल्यावर मला धरणं आठवली नाहीत. साडूंच्या शेजारची ती खुर्ची आठवली. पावणेबाराची घाई, चटणीचा वास, अर्ध्या चांदणीचे सिनेमे. त्यातच आक्कांचा फोन आला. साडूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. "लई साफ दिसून राहिलंय म्हणतेत," आक्का म्हणाल्या. "पण बघायला काय हाय, म्हणून मलाच इचारतेत." त्यांचा जुना कॉम्प्युटर कधीच बंद पडला होता, पण तबकडी आक्कांनी जपली होती; ती मी मागवून घेतली. तो खेळ नव्या लॅपटॉपवर चालेना. तो चालता करायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. बाराव्या दिवशी मी लातूरची गाडी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा वही पिशवीत आहे ना ते पाहिलं, अहमदपूरला पुन्हा पाहिलं.

साडूंनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. पडद्यावर मोकळी जमीन, नवं फाटक, कारंजं. त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवला आणि काढून घेतला. "मला आता आठवत न्हाई, साडूभाऊ. ह्याचं नाक त्याला लागून राहिलंय."

मी वही उघडली आणि वाचायला लागलो. "अनुक्रमांक एक. पुरुष. कपाळ रुंद, डावी भुवई उजवीपेक्षा वर. नाक लांब, टोकाशी किंचित उजवीकडे."

साडूंचा हात हलला. "हळू वाचा," म्हणाले. मग म्हणाले, "आमचे थोरले काका. भुवई तशीच व्हती, कायम इचारल्यासारखी."

पाच चेहरे झाल्यावर ते थांबले. "तिसरा रकाना कशाचा हाय?"

"शेरा."

"वाचा की."

मी वाचलं. "निरुपयोगी."

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. "खरं हाय. काका तर जन्मभर पारावर बसूनच राहिले. काकू हेच म्हणायच्या."

बारा, तेरा. तेरावी म्हणजे त्यांची मावशी: गाल बसलेले, हनुवटी पुढे, ओठ मिटलेले. चौदाव्या ओळीवर मी अडखळलो. त्या रविवारी मला नंबराची घाई झाली असावी. वर्णनाच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता. नोकरीभरात असा आळस मी दुसऱ्यांदा केलेला नाही.

"काय लिवलंय?"

"वरीलप्रमाणे," मी म्हणालो. "दादा, माझं चुकलं."

त्यांनी मावशीचा चेहरा पुन्हा एकदा नीट पाहिला. चष्मा काढला, पुसला. "न्हाई," ते म्हणाले. "चुकलं न्हाई. आय आन मावशी एका तोंडाच्याच व्हत्या. फकस्त आय हसायची." त्यांनी मावशीच्या चेहऱ्याची दुसरी प्रत केली आणि ओठांची पट्टी हळूहळू, अगदी एका घराने, वर सरकवली.

आक्का चटणीची वाटी घेऊन मागे कधीच्या उभ्या होत्या. नारळ त्यांनीच फोडला होता, विचारल्याशिवाय.

मी जुन्या सवयीने विचारलं, "यांना भूमिका काय द्यायची?"

"काय नको," साडू म्हणाले. "बसू द्या."

आता चौदाही जण कारंज्याभोवती बसलेले असतात आणि त्यांनी पुन्हा घडवलेला मी फाटकावर वही घेऊन उभा असतो. महिन्यातून एकदा मी लातूरला जातो. तीनशे बारावा सिनेमा अजून सुरू झालेला नाही. राम राम करण्यातच पावणेबारा होतात. आमचा स्टुडिओ सहावा आहे.