तडकलेल्या काचेचं पाणी

मनोहर गेला, हे मला हट्ट्याच्या बसमध्ये कळलं आणि मी असा ओरडलो की ड्रायव्हरनं बस थांबवली, मागचे ट्रकही थांबले... ज्याच्या शिंकेनं परसवाड्याच्या बाजारातले बैल उठून उभे राहायचे, तो माणूस झोपेत, गुपचूप गेला? मला अजून पटलेलं नाही.

अणुकचरा काचेत वितळवून गोठवतात. ती काच हजारो वर्षं टिकेल का, हे तपासण्यात त्याच्या नोकरीची बरीच वर्षं गेली. खऱ्या कचऱ्याऐवजी किरणोत्सर्ग नसलेले क्षार घातलेली काच गरम पाण्यात ठेवायची आणि पाण्यात काय उतरलं ते बघायचं. अखंड काच टिकली. तडकलेली मात्र विरघळत गेली, आणि थंड होताना तडे जातातच, हे मनोहर कानीकपाळी ओरडून सांगत राहिला. त्याच्या साहेबांनी तडकलेले तुकडे अहवालातून काढून टाकले, भर सभेत "हे पाणी मी पिऊन दाखवीन" म्हणाले, बढती घेतली आणि मनोहरला मोडक्या खुर्च्यांच्या कोठारावर बसवलं. "गप काहून बसला बे?" मी विचारलं, तर म्हणाला, "गप कोन बसून राह्यलं? काचेले घाई नाही, त मले काहून?"

निवृत्त होऊन बालाघाटला आला तो असाच एक टाकलेला तुकडा घेऊन. बरणीत, पाण्यात, चुलीमागच्या उबदार फळीवर ठेवला. "माह्या मायनं देल्ली लोनच्याची बरनी हाय थे!" सुमनवहिनी करवादायच्या. वर्षं गेली, पाणी गढूळलं, तुकड्यावर पांढरी साय चढली. शेवटच्या भेटीत मला म्हणाला, "साहेब येईनच भाषन द्याले. मी नसलो त हे पानी तू पाज."

त्याच्या जलदानविधीला साहेब आले. "मनोहर माझा उजवा हात होता," म्हणत त्यांनी रुमाल काढला. मी बरणी मांडली, पेला भरला. "साहेब, घसा सुकला असंन. तुमचीच काच हाय. प्या." मांडवातल्या सगळ्या माना अशा वळल्या, की उकव्याच्या खाणीतही काम थांबलं असावं. साहेबांनी पेला उचलला, बरणीत निरखून पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

"अहो, पण हा तुकडा तडकलेला आहे!"

"हौ," सुमनवहिनी म्हणाल्या, "थेच त सांगत होते ते."

बरणी आता माझ्या फळीवर आहे. पाणी आटलं की भर घालतो. शेजारी साहेबांचा पेला, तसाच भरलेला, झाकून. त्या दिवशी ते खरंच प्यायला लागले असते तर मी त्यांचा हात धरला असता का... एवढं मात्र मला विचारू नका.