पाणी न घेतलेला पाहुणा

"स्त्री, वय अंदाजे पन्नास. प्रश्न विचारले असता नुसती बघत राहते. समज मंद. संभाषणाची क्षमता अत्यल्प."

ही बाई म्हणजे माझी माय. आणि हे वाक्य चांगल्या अक्षरात उतरवून काढायचं काम माझं.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. वऱ्हाडातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कोण आधी बोलतं, कोण गप्प राहतं, हा त्यांचा अभ्यास. अकोल्याला जठारपेठेत मेहुण्यांकडे उतरले होते. आम्ही धम्म स्वीकारला त्याला चार-पाच वर्षं झाली होती. अमरावतीच्या कॉलेजातून मी नुकताच बी.ए. झालो होतो. अक्षर बरं, म्हणून मला लेखनिक ठेवलं. काम नीट केलंस तर पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र देतो, म्हणाले. त्या पत्रावर माझा जीव टांगलेला. मेहुण्यांच्या घरी माझी कपबशी खिडकीत वेगळी असायची. मीच विसळायची, मीच परत तिथे ठेवायची. हे मी रोज गिळत होतो.

मूर्तिजापूरकडच्या आमच्या वस्तीत मीच त्यांना नेलं. फुशारकीनं नेलं. मायनं अंगण सारवलं होतं, कुठून तरी खुर्ची मागून आणली होती. ते बसले. तिनं घासलेल्या पितळी गडव्यात पाणी आणून पुढे धरलं. "नको, आत्ताच झालं," म्हणाले. साफ खोटं. मोटारस्टँडपासून दीड कोस उन्हात चालत आलो होतो, त्यांच्या घशाला पडलेली कोरड मला दिसत होती. त्यांनी वही उघडली. घरात कोण कोणाला काय म्हणतं, भांडणात आधी कोण बोलतं, प्रश्नांवर प्रश्न. माय गडवा धरून उभी. एक शब्द नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची लाज वाटली, हे आज लिहून टाकतो. मी तिच्यावर खेकसलो, "बोल ना माय, काहून मुकी झाली तू?" तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. पुढच्या चार घरीही तेच. गडवा पुढे आला, ते नको म्हणाले, माणसं गप्प.

ते मोटारीनं परत गेले, मी मुक्कामाला राहिलो. संध्याकाळी चुलीपुढे मायला विचारलं, असं का केलंस?

"त्यानं पानी घेतलं काय?" ती म्हणाली.

"नाही."

"मंग मी काहून बोलू? पाहुना पानी पेला का बोलनं सुरू होते. जो पेत नाही, तो बोलाले येत नाही, हुकूम कराले येते. तो जाईपर्यंत उभं राहा लागते, बस."

हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पाटील आला, फौजदार आला, की वस्ती अशीच उभी राहायची. चार वर्षं कॉलेजात काढली आणि मी तेच विसरलो. संताप आला तो आधी माझाच.

आणि आता अकोल्याला परतल्यावर ते वाक्य माझ्यापुढे. मी टाक खाली ठेवला. प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते ऐकून हसले. "याचा संभाषणाशी काय संबंध? तू उतरव."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. भिंतीशी बोलत होतो. वस्तीतल्या प्रत्येकाचं वागणं त्यांच्या वहीत होतं, त्यांचं स्वतःचं कुठेच नव्हतं. आईची माया शास्त्रात चालत नाही, असं मलाच समजावू लागले.

मग मी ते वाक्य उतरवलं आणि खाली लिहिलं, "विचारणाऱ्याने पाणी नाकारले. म्हणून बाईने बोलणे नाकारले." त्यांनी ते खोडलं. मी परत लिहिलं. त्यांनी परत खोडलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पत्र हवंय ना तुला?"

"नको," मी म्हणालो.

उठलो. खिडकीतली माझी कपबशी घेतली, सरळ आत गेलो आणि त्यांच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवली. मेहुण्यांच्या घरात आरडाओरडा झाला. मी चपला घालून निघालो.

आता वही मी ठेवतो. माझी माणसं कशी बोलतात, कोणापुढे बोलत नाहीत, ते मी लिहितो. प्रत्येक पानावर सर्वांत वर एकच प्रश्न असतो. विचारणाऱ्यानं पाणी घेतलं का? ज्यानं घेतलं नाही, त्याचं आमच्याबद्दलचं एकही वाक्य मी उतरवून देणार नाही.