चाळीसची थरथर

गॅरेजात डबाभर सुटे नटबोल्ट जमतात ना, तसे किस्से जमतात. कोणत्या गाडीचा कोणता, काही सांगता येत नाही, पण फेकायला हात धजत नाही. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर माझं आणि गुलाबरावाचं भागीत गॅरेज होतं. चहाला कोणी बसलं की गुलाबराव हा डबा उपडा करायचा आणि त्यात निम्मे किस्से माझ्या फजितीचे निघायचे. म्हटलं, त्याने तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावेत!

*

बहात्तरच्या आसपास मी एक जुनी मोटार घेतली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिन ठणठणीत. दोष एकच. पस्तीसपर्यंत गाय, आणि काटा चाळीसवर गेला की पुढून थरथर! स्टिअरिंग हातात नाचायचं, आरशात मागचा रस्ता दिसेनासा व्हायचा.

पहिल्याच दिवशी बायकोला, सुमनला, फुटाळा तलावापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर म्हणाली, "एवढी थरथर तं मले लग्नात बी नव्हती सुटली."

आणि अट घातली. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी ही थरथर गेली पाहिजे, नाहीतर ती एसटीने जाईल. कारण होते माझे सासरे, पारशिवनीचे. त्यांना जावई हवा होता सरकारी नोकरीतला आणि मिळालो मी. त्यांनी मला कधी 'जावईबापू' म्हटलं नाही. "फिटर आले का?" "फिटरले चहा द्या." मी हसण्यावारी न्यायचो, पण सुमनला ते फार लागायचं. आपल्या मोटारीतून माहेरच्या दारात उतरायचं आणि बापाच्या तोंडून एकदा तरी 'जावईबापू' ऐकायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

*

मग काय, निदान सुरू! जॅक लावला, चाक हलवून पाहिलं आणि म्हटलं, टाय-रॉडचे एंड गेले. बदलले. थरथर कायम. म्हटलं, किंगपिनचे बुश. बदलले. कायम. दरवेळी मी इतक्या खात्रीने बोलायचो की गुलाबरावाला शंका घ्यायची लाज वाटायची.

शेवटी तो म्हणाला, चाक चालत्या गाडीतच पाहावं लागेल. मी चालवतोय आणि हा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. काटा चाळीसवर गेला, गाडी थरथरली, गुलाबरावाची टोपी एका ट्रकखाली गेली. परत आल्यावर मोठ्या आशेने विचारलं, काय दिसलं? त्याने आधी उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

"चाक फिरून राहिलं गा," तो म्हणाला.

*

त्याच आठवड्यात एक वकीलसाहेब हीच तक्रार घेऊन आले. त्यांची गाडी शेतात रुतली होती आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून घट्ट बसली होती. एका बाजूला वजन झालं की चाक डोलणारच! मी ती खरवडून काढली, थरथर गेली. वकीलसाहेब म्हणाले, असा हात नागपुरात नाही. ते गेल्यावर लगेच मी माझ्या गाडीची चाकं खरवडून पाहिली. तिथे माती नव्हतीच. तरी तरंगतच घरी गेलो आणि सुमनला सगळं रंगवून सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, वकिलीणबाई बसल्या का गाडीत? म्हटलं, बसल्या ना, नंदनवनला घरापर्यंत मजेत गेल्या. ती आत निघून गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि मी मागितलंही नाही.

*

लग्न जवळ आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाकच वाकडं असेल तर? चार चाकं आणि स्टेपनी, सगळ्यांवर खडूने आकडे घातले. एकेक चाक बदलायचं आणि चालवून पाहायचं, अगदी शास्त्रशुद्ध. चाकं काढून ठेवली आणि जेवायला गेलो. तेवढ्यात गुलाबरावाने, लग्नाला जाणारी गाडी म्हणून, सगळी चाकं मन लावून घासूनपुसून धुतली. खडूचा मागमूस नाही!

रागारागात हाताला येतील ती चार चाकं लावली आणि गाडी रस्त्यावर काढली. चाळीस. काही नाही. पंचेचाळीस. काहीच नाही! आम्ही रस्त्यातच उतरून एकमेकांच्या गळ्यात पडलो. थरथर का थांबली, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नाही. शेजारच्या टायरवाल्याने विचारलं, दोष कुठे होता? मी म्हटलं, "आतमध्ये."

*

लग्नाच्या दिवशी सुमन नवं पातळ नेसून ऐटीत पुढे बसली. कन्हानचा पूल ओलांडला आणि पुढचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी लावली, निघालो, आणि चाळीसला स्टिअरिंग नाचायला लागलं. वाकडं चाक इतके दिवस डिकीत आराम करत होतं! सुमनने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे. उरलेला रस्ता पस्तीसच्या आतच काढला.

दारात गाडी थांबली. सगळं वऱ्हाड बघायला आलं, सुमनची मान ताठ. सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, फिटर, लाउडस्पीकरचं जनरेटर बंद पडून राहिलं, जरा पाहा. सुमनचा चेहरा उतरला. खरं तर मला ते वाकडं चाक पुढून काढून मागे लावायचं होतं, पण नव्या शर्टासकट जनरेटरमध्ये जो गेलो तो अक्षतांनाच बाहेर आलो, आणि चाक राहूनच गेलं.

दुपारी पाठवणी. नवरीला आमच्याच गाडीतून सासरी सोडायचं ठरलं. मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण म्हणून सुमन. अख्खा मांडव रडत होता, एकटे सासरे कोरडे. त्यांना रडताना गावात कोणी पाहिलं नव्हतं. वेशीपर्यंत येतो म्हणून माझ्या शेजारी बसले. वेस आली आणि गेली, ते काही उतरायचं नाव घेईनात. मलाही उतरा म्हणवेना.

उशीर झाला होता. माझा पाय नकळत दाबला गेला आणि काटा चाळीसवर गेला. दारं, काचा, आरसा, नवरीच्या मुंडावळ्या, सगळं थरथरायला लागलं. आता बापाच्या तोंडून काय ऐकायचं ते सुमन ऐकणार!

सासऱ्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. मग मान खाली घालून धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

"पाहा जावईबापू," ते म्हणाले, "पोट्टी चालली तं गाडी बी रडून राहिली."

मी घाईने पाय उचलायला गेलो. तेवढ्यात मागून सुमनचा हात माझ्या खांद्यावर आला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "चाळीसवरच राहू द्या."