शेजाऱ्यांचं खत

भोरला अजून संस्थान होतं, तेव्हाची गोष्ट. भाताची कापणी उरकली की कोकणात उतरणारे धनगर वाटेत आमच्या गावच्या खाचरांत रातच्याला मेंढ्या बसवत. शेताला खत मिळे, त्याबद्दल शेतकरी धनगराला भात देई. एका साली भात दिलं शेजाऱ्यांनी, आणि धनगरानं कळप बसवला चुकून आमच्या खाचरात. उजाडलं तेव्हा तो पुढं निघूनही गेला होता.

वडील म्हणाले, "आपुन बोलावलं व्हतं का त्याला?"

आईला ते पटलं नाही. तिनं मला हाताशी घेतलं, सगळ्या लेंड्या झाडून गोळा केल्या आणि टोपल्या भरभरून शेजाऱ्यांच्या खाचरात नेऊन टाकल्या. मी धुमसत होते. चूक धनगराची आणि कंबर मोडायची आमची! शेजारी बांधावर बसून बघत होते. शेवटची टोपली पालथी झाल्यावर म्हणाले, "वैनी, लेंड्या मिळाल्या. पर मूत तुमच्याच रानात मुरलं की!"

मला उत्तर सुचलं होतं, पण आईनं डोळे वटारले.

पुढच्या पावसाळ्यात आमचं भात कमरेला लागलं. आई त्या बांधानं जायची बंद झाली, ओढ्याकडून वळसा घालून जायची. वडील मात्र त्याच बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं भात दाखवायचे.